कातडं कमवायची झाडं: बाभूळ, हिरडा, तरवड... आणि ठाण्यात काय मिळतं?

आरी_आणि_दोरा (ठाणे पश्चिम)

फावल्या वेळात मी चामड्याची पाकिटं, कमरपट्टे, चष्म्याची घरं शिवतो. माल धारावीतून आणतो. तिथल्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "क्रोम की व्हेज?" एकदा सोबत आलेला मित्र पक्का शाकाहारी. 'व्हेज चामडं' ऐकून तो जो बाहेर जाऊन उभा राहिला तो खरेदी संपेपर्यंत आत आलाच नाही. तर क्रोम म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं कातडं, आणि व्हेज म्हणजे झाडांच्या साली, फळं, शेंगा, पानं यांतल्या टॅनिनने (तुरट द्रव्याने) कमावलेलं. कोल्हापुरीचा तळ त्याचाच. पट्ट्याची कड पाणी लावून घोटली की जी चमक येते ती याच मालाला येते. क्रोमला कितीही घासा, कड आपली लोळतच राहते.

या झाडांबद्दल वाचून आणि कारागिरांना विचारून जे जमलं ते इथे टाकतोय. भर घाला.

आधी कमावणं म्हणजे काय ते. कच्चं कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू आणि पाणी. तसंच ठेवलं तर कुजतं. वाळवलं तर कडक पुठ्ठा होतो, आणि तो भिजला की पुन्हा कुजायला मोकळा. टॅनिन या तंतूंमध्ये शिरतं, त्यांना धरून बसतं, पाण्याची जागा घेतं, आणि जिवाणूंना मग ते खाता येत नाही. कच्चं जांभूळ खाल्लं की तोंड आखडतं ना? तिथे टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना पकडत असतं. म्हणून ज्या झाडाची साल चावल्यावर तुरट लागते ते झाड कधी ना कधी कुणीतरी कातड्याला लावून पाहिलेलं असतंच.

बाभूळ: पठारावर कातडं म्हटलं की बाभळीची साल. टॅनिन १२ ते २० टक्के. कानपूरचा जुना धंदाही याच सालीवर उभा राहिला. एकट्या बाभळीने कमावलेलं कातडं घट्ट, दणकट, पण लालसर आणि जरा राठ. चपलेच्या तळाला उत्तम, पाकिटाला नको.

हिरडा: वाळलेल्या फळात ३० ते ४० टक्के टॅनिन, म्हणजे वजनाला वजन बाभळीच्या दुप्पट. शिवाय त्यात साखर असते. ती कुंडात आंबते आणि पाण्याला आंबटपणा येतो. कमावताना हा आंबटपणा लागतोच, आणि बाभळीच्या पाण्याला तो फारसा येत नाही. म्हणून ही जोडी जुळली. बाभूळ कातड्यात भर घालते, हिरडा रंग उजळतो आणि पाणी आंबवतो. एकटा हिरडा वापरला तर कातडं मऊ पण पोकळ होतं.

तरवड: पिवळ्या फुलांचं झुडूप, सोलापूर-नगरकडच्या माळावर पाहिलं असेल. तेलंगणात याच फुलांनी बतुकम्मा रचतात. सालीत साधारण १८ टक्के टॅनिन. मद्रासकडे या सालीवर कातडी कमावून, हिरड्याचा शेवटचा हात देऊन, 'ईस्ट इंडिया' या नावाने तो माल विलायतेला जायचा. रंग सुंदर फिकट. पुढे दक्षिण आफ्रिकेतून वॅटल नावाच्या बाभळीच्या भाईबंदाची साल येऊ लागली, निलगिरीतही लागवड झाली, आणि तरवड मागे पडला.

बाकी यादी लांब आहे: ऐन आणि अर्जुनाची साल, धावड्याची पानं, बेहडा, खैराचा कात, दिवीदिवीच्या वळलेल्या शेंगा, कांदळाची साल. युरोपात ओक, दक्षिण अमेरिकेत केब्राचो.

माझे प्रश्न दोन. साल आणि हिरडा ठाणे-नवी मुंबईत कुठे मिळेल? आणि बकऱ्याचं एक कातडं घरी करून पाहायचं मनात आहे. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, गॅलरी पूर्वेला. जमेल का?

घोडबंदरी

वाचतोय. तुमची सोसायटी कुठली तेवढं सांगा, त्या भागात भाड्याने घर बघत होतो.

पितळी_खलबत्ता (ठाणे)

जांभळी नाक्याजवळ आमचा काष्ठौषधींचा व्यवसाय आहे, म्हणून हिरड्यापुरतं अधिकाराने बोलतो. नुसतं "हिरडा द्या" म्हणालात तर आमचा माणूस विचारणार, कुठला? बाळहिरडा म्हणजे कोवळं फळ वाळवलेलं, काळं, बारीक, आत बी धरलेली नसते. तो पोटासाठी. सुरवारी म्हणजे पूर्ण पिकलेला, मोठा, जड, पिवळसर. वैद्य तो मागतात आणि भावही तसाच. मधल्या अवस्थेतला तो रंगारी हिरडा. कापड रंगवणारे आणि कातडं कमावणारे तोच नेत. तुम्ही तो मागा. घेताना दोन-चार फोडून बघा. आत पिवळा, कोरडा, कडक असला तर घ्या. काळपट पडलेला, भोकं असलेला किंवा एकदा भिजून वाळलेला असला तर सत्त्व गेलं समजा.

आपल्याकडे जुन्नर, आंबेगाव, अकोले या डोंगरपट्ट्यातून माल येतो. तिथले महादेव कोळी लोक झाडावर चढून, काठीने झोडपून हिरडा उतरवतात, अंगणात वाळवतात. त्या भागात हिरड्याचा पैसा म्हणजे पावसाळ्याआधीचं बी-बियाणं आणि किराणा. इंग्रजांच्या काळात परदेशी जाणाऱ्या हिरड्याच्या प्रती गावांच्या नावाने ओळखल्या जात: भिमली, म्हणजे आंध्रातलं भीमुनिपट्टणम, जबलपूर, आणि आपलं वेंगुर्ला. कागदपत्रांत 'व्हिंगोर्ला' असं लिहिलेलं सापडतं.

बाभळीची सालही मिळेल. दंतमंजनाला जाते. पण आमच्याकडे ती किलोने असते, तुम्हाला मोठं कातडं करायचं तर पोत्याने लागेल.

माई_कळवेकर

तीन नातवंडांना बाळगुटीत हिरडा उगाळून दिला. आता कळतंय की त्यांच्या पोटाचं कातडं कमावत होते. मुलांची पोटं खरंच दणकट आहेत हो!

दिवाळे_बंदर (बेलापूर)

कातड्यातलं काही ठाऊक नाही, पण जाळ्यांचं सांगतो. नायलॉन यायच्या आधी आमच्या आजोबांची जाळी सुताची. सुताचं जाळं खाऱ्या पाण्यात तसंच वापरलं तर लवकर कुजून हातात येई. म्हणून ऐनाची साल मोठ्या हंड्यात उकळायची, लालभडक काढा झाला की त्यात जाळं बुडवून ठेवायचं, मग बांधावर वाळत घालायचं. जाळं तांबडं-काळपट होई आणि टिके. थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा तोच सोपस्कार. दिवसभर गावात त्या सालीचा वास, असं आजी सांगायची. तुमचा धागा वाचून आज उमगलं की जाळं आणि जोडा, दोघांची दवा एकच.

कांदळाच्या सालीबद्दल म्हणाल तर तिच्यातही भरपूर दम असतो. पण ठाणे खाडीत बहुतेक तिवरच, कांदळ थोडका, आणि तिवराची साल या कामाला फिकी. तशीही खारफुटीला हात लावायची सोय नाही, २००५ पासून उच्च न्यायालयाचा आदेश आहे. प्रयोगाच्या नादात कोयता घेऊन खाडीत उतराल, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

येऊरची_पायवाट

वरच्या मुद्द्याला जोडून. येऊरला ऐन, खैर, बेहडा सगळं आहे, पण तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग. साल सोडा, पडलेलं फळ उचलायलाही मनाई. आणि शहरातल्या झाडांना १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. साल सगळीकडून गोल काढली तर झाड मरतंच, कारण पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जातं ते सालीच्या आतल्या थरातून. जुने लोक तोडलेल्या झाडाची साल घेत, उभ्या झाडाची नव्हे.

दुसरं, बाभूळ ओळखताना घोळ होतो. नवी मुंबईत रस्त्याच्या कडेने ज्याला सर्रास 'बाभूळ' म्हणतात ती बहुतेक वेळा सुबाभूळ असते. चपट्या शेंगा, काटे नाहीत. नाहीतर ऑस्ट्रेलियन बाभूळ, जिची 'पानं' कोयरीसारखी लांबट-वाकडी आणि शेंगा पिळलेल्या. देशी बाभळीला पांढरे लांब काटे, पिवळी गोंडेदार फुलं, आणि बियांपाशी आवळलेली, माळेसारखी शेंग. ठाण्याच्या पावसात ती फार खुलत नाही, तिला घाटावरचं कोरडं रान लागतं. तरवडाचंही तेच. गॅलरीत कुंडीत लावू म्हणाल तर फुलं बघायला लावा.

सल्फेटराव (कोपरखैरणे)

केमिकल इंजिनीअर. पूर्वी चेन्नईकडे टॅनऱ्यांना रसायनं पुरवायचो, म्हणून दुसरी बाजू.

क्रोमने काय बदललं? वेळ. १८८४ मध्ये ऑगस्टस शुल्त्झने अमेरिकेत क्रोमचं पेटंट घेतलं, ते दोन टप्प्यांचं होतं. १८९३ मध्ये मार्टिन डेनिसने एका टप्प्यात आणलं. आपल्याकडे १९०३ च्या सुमारास मद्रासमध्ये अल्फ्रेड चॅटर्टन यांनी क्रोमचा पाया घातला. आज पद्धत अशी: चुन्यातून काढलेलं कातडं मीठ आणि आम्लाच्या पाण्यात आंबट करून घ्यायचं, फिरत्या लाकडी ढोलात क्रोम सल्फेट घालायचं, मुरल्यावर सोड्याने आम्ल हळूहळू कमी करायचं. सकाळी पांढरं गेलेलं कातडं दुसऱ्या दिवशी निळं बाहेर. म्हणून त्याला 'वेट ब्लू' म्हणतात. सालीच्या कुंडात त्याच कामाला आठवडे जातात, जाड तळाला महिनेही.

क्रोमचा बंध उष्णतेलाही पक्का. कच्चं कातडं साधारण ६०-६५ अंशाला आक्रसतं, सालीचं ७५ ते ८५ ला, आणि चांगलं क्रोम उकळत्या पाण्यातही तसंच राहतं. धाग्याच्या मालकांना दुकानात उपयोगी पडेल: 'व्हेज' म्हणून घेतलेल्या मालाची एक बारीक चिंधी उकळत्या पाण्यात टाका. वळून, आखडून कडक झाली तर साल. जशीच्या तशी राहिली तर क्रोम, दुकानदार काहीही म्हणो. कापलेल्या कडेत मधोमध निळसर-करडी रेघ दिसली तरी क्रोमच.

मात्र "क्रोम म्हणजे विष, साल म्हणजे अमृत" असा सरळ हिशेब नाही. चामड्यात असतं ते तीन-संयुजी क्रोम. भीती सहा-संयुजीची, ते चुकीच्या हाताळणीत किंवा कचरा जाळल्यावर तयार होऊ शकतं. आणि सालीच्या कुंडाचं तपकिरी पाणी ओढ्यात सोडलं तर तेही पाण्यातला प्राणवायू खाऊन मासे मारतं. चुना, केस, मांस, मीठ यांची घाण तर दोन्हीकडे सारखीच. वेल्लोरच्या टॅनऱ्यांवरचा १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. तिथली जमीन आणि विहिरी कशा गेल्या ते कळेल.

हिरवाई_नेरुळ

किती सुंदर माहिती! आपल्या पूर्वजांचं तंत्र किती शाश्वत होतं ते यातून दिसतं. साल, फळ, चुना, बस्स. ना मशीन, ना वीज. केमिकलवाल्यांनी सगळ्याची वाट लावली. हे गावोगावी पुन्हा सुरू व्हायला हवं.

सल्फेटराव

ताई, चुना हेही केमिकलच आहे. हिरडासुद्धा.

नांद_आणि_चुना (ऐरोली)

'गावोगावी पुन्हा सुरू व्हायला हवं' हे वाचून लिहिल्याशिवाय राहवेना.

आमचं मूळ गाव सोलापूर जिल्ह्यात, समाज ढोर. संत कक्कय्या आमचे. बसवण्णांच्या शरणांमध्ये कातडं कमावणारा माणूस बरोबरीने बसला ते बाराव्या शतकात. आजोबांनी आयुष्यभर कातडं कमावलं. वडील शिकून सरकारी नोकरीत गेले. मी इथे कंपनीत बसून संगणक बडवतो.

काम कसं चालायचं ते सांगतो, कारण यादीत 'बाभूळ आणि हिरडा' लिहिलं की सोपं वाटतं.

जनावर मेलं की कातडं यायचं. उन्हाळ्यात तासाभराचा उशीर झाला तरी केसांच्या मुळाशी कुजायला लागतं, मग पुढे काहीही करा, तिथे चट्टा राहतोच. आधी भिजवणं. मग चुन्याचा हौद, आठ-दहा दिवस, रोज काठीने खालचं वर. बोटाने केस ओढला आणि सहज निघाला की तिरप्या ओंडक्यावर कातडं टाकायचं, बोथट पात्याने केस उतरवायचे, उलटं करून धारेच्या पात्याने मांस-चरबी तासायची. काही भागांत लहान कातड्यांचे केस काढायला रुईचा चीकही लावत. चुना कातड्याचे केस काढतो तसा माणसाच्या हाताचा वरचा पदरही काढतो. आजोबांच्या पेरांना बाराही महिने भेगा. जेवताना तिखट झोंबायचं म्हणून ते भाकरी दुधात कुस्करून खात.

मग धुणं. पुन्हा धुणं. चुना आत राहिला तर साल चढत नाही, डाग पडतात. शेवटच्या पाण्यात कोंडा आंबवून घालत, तो उरलासुरला चुना मारतो.

आता खरी गोम. ताज्या, कडक काढ्यात कातडं कधीच थेट घालायचं नाही. घातलं तर वरचा पदर लगेच आवळतो आणि आत शिरायची वाट बंद होते. मधलं कच्चंच राहतं. म्हणून आधी जुनं, वापरून उतरलेलं पाणी, मग त्याहून जरा कडक, मग ताजं. कुंडांची ही ओळच कारागिराची खरी पुंजी होती. नवीन कुंड कुणीही घालेल, मुरलेलं जुनं पाणी आणायचं कुठून?

आमच्याकडे शेवटचा टप्पा पिशवीचा. अर्धं कमावलेलं कातडं वाखाच्या दोरीने शिवून पिशवी करायची, लाकडी तिकाटण्याला टांगायची, आत कुटलेली बाभळीची साल आणि हिरडा भरून वरून काढा ओतायचा. तो कातड्यातून झिरपत खालच्या नांदीत टपकतो, तो उचलून पुन्हा वर. दिवसभर हेच. काही दिवसांनी पिशवी उसवून उलटी टांगायची, नाहीतर तोंडाकडचा भाग उपाशी राहतो. झालं का ते बघायला कडेचा तुकडा तिरका कापायचा. मधे पांढुरकी रेघ असेल तर अजून वेळ आहे. रंग आरपार एकसारखा दिसला की उतरवायचं, धुवायचं, तेल द्यायचं, सावलीत वाळवायचं. अर्धवट ओलं असतानाच गुळगुळीत दगडाने घोटायचं. सगळं मिळून महिना-दीड महिना.

हे तंत्र क्रोमने मारलं असं सगळे म्हणतात. आमच्या गावात ते पंपाने मारलं. विहिरीवर मोट होती तोवर दर वर्षी नवी मोट, नाडे, बैलांचे पट्टे, पखाली. विजेचा पंप आला आणि गिऱ्हाईकच गेलं. पखालीची जागा पत्र्याच्या डब्याने घेतली, मग प्लास्टिकने.

आणि वस्ती कुठे होती? गावाबाहेर, ओढ्याच्या खालच्या अंगाला. शेतकऱ्याची मोट आमच्या हातची, ती त्याच्या विहिरीत रोज बुडायची. आम्ही मात्र त्या विहिरीला शिवायचं नाही. शाळेत वडिलांना मागच्या कोपऱ्यात बसवत आणि कारण वास सांगत. आजोबांना त्यांच्या कामाचा अभिमान होता, कातड्यावर हात फिरवून ते जनावराचं वय सांगत. पण मुलाने हे काम करावं असं त्यांना एक दिवसही वाटलं नाही. तेव्हा गावोगावी सुरू करायचं तर करू, ताई. आधी ओंडक्यावर कोण उभं राहणार त्याची यादी काढा. यावेळी आमच्याकडून सुरुवात नको.

माई_कळवेकर

नमस्कार तुम्हाला. आजोबांनाही.

जुना_ठाणेकर

वरच्या प्रतिसादानंतर काही लिहावंसं वाटत नव्हतं, पण एक संदर्भ द्यायला हवा. वर्ध्याजवळ नालवाडीला गांधींच्या प्रेरणेने चर्मालय सुरू झालं होतं, गोपाळराव वाळुंजकर ते चालवत. आग्रह दोन गोष्टींचा: कातडं मेलेल्या जनावराचंच, मारलेल्याचं नाही, आणि हे काम अमुक जातीचंच ही समजूत मोडायची. हेतू चांगला होता. त्याच काळात आंबेडकरांचं सांगणं नेमकं उलट होतं. १९२७ च्या महाडच्या परिषदेतच मेलेली जनावरं ओढणं सोडा असा आग्रह होता. एकजण म्हणत होता, काम शुद्ध करून करू. दुसरा म्हणत होता, काम सोडा, माणूस मोकळा होईल. मला विचाराल तर ज्यांच्या हाताला भेगा होत्या त्यांनी दुसऱ्याचं ऐकलं, यातच उत्तर आलं.

ना_धिं_धिं_ना (डोंबिवली, शिकवण्या ठाण्यात)

अवांतर वाटेल, पण विचारतोच. तबल्याच्या पुडीचं कातडंही हिरड्यानेच कमावतात का? आमच्या पुड्या पावसाळ्यात ठाण्यात एवढ्या उतरतात की हातोडी खाली ठेवता येत नाही.

आरी_आणि_दोरा

पुडी कमावलेली नसतेच. बकऱ्याचं कातडं, केस काढून, तासून, ताणून वाळवलेलं. कच्चंच. म्हणूनच ती कडक आणि ताणलेली राहते आणि सूर देते. टॅनिन घातलं तर कातडं मऊ, भरलेलं होईल आणि आवाज बसेल. कच्चं असल्यामुळेच ती हवेतला ओलावा पिते आणि उतरते. हलगी, संबळ यांचंही तेच, म्हणून हलगीवाले वाजवायच्या आधी ती शेकतात. वाद्या मात्र ओढ सोसणाऱ्या, त्यांचं कातडं वेगळं.

नांद_आणि_चुना, तुमचा प्रतिसाद छापून हत्यारांच्या पेटीत ठेवतोय. माझ्या पाकिटांवर 'पारंपरिक पद्धतीने कमावलेलं' अशी चिठ्ठी लावत होतो. ती आता फक्त 'बाभूळ-हिरडा कमावणी' एवढीच राहील.

हिरवाई_नेरुळ

@नांद_आणि_चुना, यंत्र लावून, हातमोजे घालून, सांडपाणी शुद्ध करून आणि कुणीही शिकू शकेल अशा पद्धतीने सालीची कमावणी झाली तर? तरीही तुमचा विरोध?

नांद_आणि_चुना

मग कशाला विरोध? तशी कामं चालू आहेतच, ढोलात सालीचा अर्क घालून. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. चप्पल शिवणाऱ्याचं नाव थोडंफार झालं. कातडं कमावणाऱ्याचं अजून कुणी विचारत नाही. त्यात २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर राज्यात गाय-बैलाच्या कातड्याची आवक आटली, सगळा भार म्हशीवर. चप्पल महाग झाली की लोक दुकानदाराशी घासाघीस करतात. त्या किमतीत महिनाभराचं ओतणं-उपसणं आहे एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता मूळ प्रश्न. पूर्ण कातडं फ्लॅटमध्ये करू नका. चुन्याचं पाणी नळीत जाईल, मांसाचा वास जिन्यात जाईल, आणि घोडबंदरी यांना घर मिळणार नाही. पण शिकायचं असेल तर तळहाताएवढा तुकडा घ्या. मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा. केस आणि मांस काढून, चुना पूर्ण धुवून झाल्यावर काचेच्या बरणीत. हिरडा आणि बाभळीची साल निम्मी निम्मी कुटून कोमट पाण्यात रात्रभर ठेवा, गाळा. पहिले तीन दिवस हा काढा चौपट पाणी घालून, पुढचे तीन दुप्पट, मग तसाच. रोज हलवा. कापून मधली रेघ बघत राहा. लोखंडाचं भांडं, चमचा, खिळा काहीही लागू देऊ नका, सगळं काळं पडेल.

सल्फेटराव

तो काळा रंग हवा असेल तर मुद्दाम लावतात. गंजलेले खिळे व्हिनेगरमध्ये चार-पाच दिवस ठेवायचे, ते पाणी सालीच्या चामड्यावर फडक्याने पुसायचं. डोळ्यांदेखत काळं होतं, आणि हा रंग वरचा लेप नसल्यामुळे खरवडला तरी निघत नाही. हिरड्याने निळसर काळा येतो, बाभळीने हिरवट झाक मारतो. जुनी शाई याच तत्त्वावर. फक्त नंतर थोड्या सोड्याच्या पाण्याने पुसा आणि तेल द्या, नाहीतर लोह हळूहळू चामडं ठिसूळ करतं. क्रोमवर हे चालणार नाही, म्हणजे ही तुमची तिसरी परीक्षाही झाली.

आरी_आणि_दोरा

वा! काळ्या पट्ट्यांचा प्रश्न सुटला. @पितळी_खलबत्ता, अर्धा किलो रंगारी हिरडा आणि तेवढीच बाभळीची साल हवी. पूड करून द्याल का?

पितळी_खलबत्ता

पूड घेऊ नका. बारीक पूड तळाला चिखल होऊन बसते आणि गाळताना जीव जातो. हिरडा फोडून, बी काढून, भरड कांडून देतो. साल हाताने तोडून घ्या, आमच्या कांडपयंत्रात ती अडकते. सोमवारनंतर या, रंगारी संपलाय, सध्या आहे तो सगळा सुरवारी. तो कातड्यात घालाल तर चपलेपेक्षा काढा महाग पडेल.